संघ निवडणारे आणि संघ पाहणारे



ह्या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा त्यांची समजूत अशी होती की, आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू. तीस वर्षे युनियनचे काम केलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावयाचे? आम्ही म्हणालो, क्रिकेटवर बोलतो. चिटणीस जरा घुटमळले. "आपण कधी खेळला होतात काय?" असे त्यांनी भीत भीत विचारले. आम्ही सांगितले, खेळलो. चाळीच्या दोन इमारतींमधल्या बोळात, रबरी चेंडूने, आणि तेही अकराव्या नंबरावर. तेव्हा खेळाविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही हे आरंभीच कबूल करतो. आम्ही बोलणार आहोत ते खेळ पाहणाऱ्यांविषयी, आणि त्यातही कसोटी सामना चालू असताना ते जे बोलत असतात त्याविषयी.

कसोटी सामना हा मुळात बोलण्यासाठीच निर्माण झाला आहे, असे आमचे मत आहे. हिशेब करून पाहा. दिवसाला नव्वद षटके, म्हणजे पाचशे चाळीस चेंडू. एक चेंडू टाकून, खेळून, अडवून होईपर्यंत फार तर सात-आठ सेकंद जातात. सहा तासांच्या खेळात खरा खेळ सव्वा तासाहून कमीच. उरलेल्या पावणेपाच तासांत गोलंदाज चेंडू पुसतो, फलंदाज हातमोजे सारखे करतो आणि आपण बोलतो. काय बोलतो? चेंडू कसा वळला, पाय कुठे पडला, हे थोडेच. जास्त बोलणे एकाच गोष्टीवर चालते : ह्याला कशाला घेतला, आणि त्याला का काढला.

ह्याचे कारण आम्हांस असे दिसते. चेंडू कसा वळवावा हे हजारांत एकालाही ठाऊक नसते. परंतु कोणाला घेतले, कोणाला वगळले, कोणाच्या सांगण्यावरून घेतले, आणि वगळलेल्याने घरी जाऊन काय सांगितले, हा अनुभव ज्याने पोटासाठी कोठेही काम केले आहे त्या प्रत्येकाच्या गाठीला असतो. त्या बाबतीत प्रत्येक प्रेक्षक जाणता आहे. निदान तो स्वतःला जाणता समजतो.

एक खुलासा करून पुढे जातो. आम्ही खेळाडूंचा उल्लेख 'तो' असा करू. त्यात अनादर नाही. स्टँडमध्ये बसून कोणी "गावसकर बाद झाले हो" असे म्हटलेले आम्ही ऐकलेले नाही.

आता १९८४ सालच्या डिसेंबरात चला. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे, गिरणगावातल्या एका चाळीत राहत होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरण्यांचा संप कागदोपत्री कधी मागे घेतला गेलाच नाही. सुमारे अडीच लाख माणसे त्यात होती. १९८४ उजाडेपर्यंत काही परत आत गेले होते, काही गावी गेले होते, आणि काही आमच्या वडिलांसारखे गॅलरीत बसून होते. वडील साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. त्यांच्या गिरणीने जी माणसे परत घेतली त्यांत ते नव्हते. का नव्हते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. गेटावर एक यादी लागली. यादीत नाव नव्हते. संपले.

अशा रिकाम्या माणसांची एक बैठक रोज आमच्या गॅलरीत भरे. मधोमध एक रेडिओ. इंग्लंडचा संघ भारतात आलेला. मुंबईचा पहिला कसोटी सामना आपण जिंकला. शिवरामकृष्णन नावाच्या कोवळ्या पोराने बारा बळी घेतले. दुसरा सामना दिल्लीचा. शेवटच्या दिवशी सामना सहज अनिर्णित राहील असे वाटत असताना आपण तो घालवला. संदीप पाटील एकेचाळीस धावांवर सीमेजवळ झेल देऊन बसला. कपिलदेवने एक षटकार मारला आणि लगेच तसाच दुसरा मारावयास जाऊन झेल दिला. इंग्लंड आठ गडी राखून जिंकले. आणि कलकत्त्याच्या तिसऱ्या सामन्यासाठी संघ जाहीर झाला तेव्हा दोघेही वगळलेले!

अठरा महिन्यांपूर्वी ज्याने विश्वचषक उंचावला त्या कपिलला एका फटक्याबद्दल घरी बसवले, ही गोष्ट आमच्या गॅलरीत कशी पोहोचली असेल त्याची कल्पना करा. तिथे बसलेला प्रत्येक माणूस घरी बसवलेला होता.

एक म्हातारे जॉबर होते. ते म्हणाले, "शिस्त म्हणजे शिस्त. साचा चालू टाकून माणूस विडी ओढायला गेला तर मी त्याला सोडत नव्हतो. मग तो कपिल का असंना." त्यावर साताऱ्याकडचे एक साचेवाले उसळले : "अरं, पर चार्जशीट दिली का त्याला? इन्क्वायरी झाली का? बाजू मांडू दिली का?" तिसऱ्याने तोड काढली की, दोघांचा गुन्हा एक, शिक्षा एक, तेव्हा तक्रारीला जागा नाही. चौथ्याला सगळे गावसकरचे कारस्थान वाटत होते, कारण कपिलकडून कर्णधारपद काढून नुकतेच गावसकरकडे दिलेले होते. (गावसकरने पुढे ह्याचा इन्कार केला. परंतु गॅलरीत इन्कार पोहोचत नाही.) वडील काहीच बोलले नाहीत. ते रेडिओचा काटा सारखा करीत राहिले.

कलकत्त्यात मात्र लोक बोलले. ईडन गार्डन्सवर पाट्या लागल्या : 'कपिल नाही तर टेस्ट नाही.' भारताचा डाव चौथ्या दिवसापर्यंत रांगत राहिला, सात बाद ४३७ वर तो सोडला. प्रेक्षकांनी गावसकरवर फळे फेकली. इंग्लंडचा एडमंड्स कंटाळून मैदानातच वर्तमानपत्र वाचू लागला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. सामना अनिर्णित राहिला. गावसकरने ईडनवर पुन्हा खेळणार नाही असे ठरवले, आणि १९८७ साली पाकिस्तानविरुद्धच्या तिथल्या कसोटीत तो खरोखरच खेळला नाही.

त्याच सामन्यात एक नवा मुलगा आला. हैदराबादचा महंमद अझरुद्दीन. गॅलरीत कोणी तरी तुच्छतेने म्हणाले, "बदली आहे, बदली." आपल्यापैकी ज्यांना गिरणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे म्हणजे, बदली कामगार हा रोज सकाळी गेटावर उभा राहणारा माणूस. कायम कामगार गैरहजर असेल तर त्या दिवसापुरते त्याला काम; नसेल तर परत घरी. क्रिकेटमधल्या बाराव्या गड्याचे जिणे असेच असते : पाणी न्यावयाचे, हातमोजे न्यावयाचे, आणि कोणाचे तरी बोट दुखावेल म्हणून वाट पाहावयाची, पण तसे मनात आले की स्वतःचीच लाज वाटून घ्यावयाची. त्या 'बदली'ने ११० धावा काढल्या. पुढच्या दोन सामन्यांतही शतके काढली. पहिल्या तीन कसोट्यांत तीन शतके!

आमचे वडील त्या दिवशी प्रथम बोलले. "बदलीला शिव्या देऊ नका," एवढेच म्हणाले. मोठे झाल्यावर, युनियनचे काम करू लागल्यावर ह्या वाक्याचा अर्थ आम्हांस लागला. संपफोड्या वेगळा आणि बदली वेगळा. पाटील वगळला गेला नसता तर अझरला त्या दिवशी दार उघडले असते की नाही, कोण सांगणार? एकाच्या ताटावर दुसरा बसतो तेव्हा बसणाऱ्याचाच राग येतो. पान वाढणारा आत असतो, तो कोणास दिसत नाही.

पुढचा सामना मद्रासचा. कपिल परत आला. आपल्या १३१ कसोट्यांच्या कारकिर्दीत तो एकच सामना चुकला, तो कलकत्त्याचा. मद्रासला इंग्लंडच्या फाउलर आणि गॅटिंग दोघांनीही द्विशतके ठोकली आणि आपण नऊ गडी राखून हरलो. कपिल असूनही हरलो, तेव्हा पाटीवाल्यांचे म्हणणे खोटे ठरले, असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. पण त्याविषयी पुढे.

गॅलरीत जल्लोष झाला तो कपिल परत आल्याचा. वडिलांनी विचारले, "आणि पाटील?"

पाटील परत आला नाही. दिल्लीचा तो कसोटी सामना त्याचा शेवटचा ठरला. गुन्हा एक होता, शिक्षाही एकच सुनावली होती. परंतु एकाची शिक्षा एका सामन्याची झाली, दुसऱ्याची जन्माची. कलकत्त्यात 'पाटील नाही तर टेस्ट नाही' अशी पाटी कोणी धरली नाही. आणि मुंबईचा पोरगा असून मुंबईने तरी कोठे धरली? ज्याच्यावाचून साचा चालत नाही त्याला मालक परत बोलावतो. ज्याच्या जागी दुसरा मिळतो त्याची चौकशी कोणी करीत नाही. हे आम्ही पुढे अनेक गेटांवर पाहिले. प्रथम पाहिले ते रेडिओवर.

ही पाटीची चाल जुनी आहे. १९४५ साली ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांचा संघ इथे आला होता. कलकत्त्याच्या सामन्यात मुश्ताक अलीला वगळले तेव्हा लोकांनी निवड समितीच्या दुलीपसिंहजींना घेराव घातला : 'मुश्ताक नाही तर टेस्ट नाही.' मुश्ताकला घ्यावे लागले. १९७३ साली मुंबईत तीच घोषणा सलीम दुराणीसाठी झाली. टोनी लुईसच्या इंग्लिश संघाविरुद्ध कानपूरला त्याला वगळले होते. हा दुराणी म्हणजे लोकांचा माणूस. ज्या बाजूने 'सिक्सर' अशी हाक येईल त्या बाजूला षटकार मारणारा अशी त्याची ख्याती. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनला सोबर्स आणि लॉइड ह्यांना त्यानेच काढले, म्हणून तो सामना आपल्या हाती लागला. ब्रेबर्नवर लोकांनी त्याला मागून घेतला, आणि त्यानेही पहिल्या डावात ७३ धावा काढून मागणाऱ्यांची अब्रू राखली. तो त्याचा शेवटचा कसोटी सामना. पाटीने त्याला आत आणला, पण आत ठेवणे पाटीच्या हाती नव्हते.

आता एक कामगार कार्यकर्ता म्हणून ह्या घोषणेकडे पाहा. 'अमुक नाही तर टेस्ट नाही' ही भाषा सरळ संपाची आहे. अट घाला, आणि अट मान्य न झाल्यास काम बंद. पण प्रेक्षकाचा संप कधी झाला आहे काय? पाटी धरणारा गृहस्थ पाटी कोठे धरतो? स्टँडमध्ये. म्हणजे तिकीट काढून आत आलेला असतो! त्याने पैसे आधीच मोजले आहेत. १९६९ साली कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाच्या सामन्याच्या तिकिटांसाठी जी चेंगराचेंगरी झाली तीत सहा माणसे मेली. जो माणूस तिकिटासाठी जीव धोक्यात घालतो तो सामन्यावर बहिष्कार घालील, ही धमकी कोणालाही खरी वाटू नये.

तरीही निवड समित्या नमल्या. ह्याचे कारण त्या काळी मंडळाचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः गेटावरचा पैसा. स्टँड चिडले, खुर्च्या पेटल्या, खेळ थांबला, तर नुकसान मंडळाचेच. आज ती स्थिती नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ ह्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्या रकमेपुढे उन्हात बसणाऱ्याचे तिकीट म्हणजे पानसुपारीचा खर्च. पाटी आजही धरतात. परंतु ती कॅमेऱ्याकडे तोंड करून धरतात, पॅव्हेलियनकडे नव्हे. तिच्यावर बहुधा 'आई, मी टीव्हीवर दिसतोय' अशा धर्तीचा मजकूर असतो.

खुर्च्या पेटल्या म्हणालो, त्यावरून १९६९ ची मुंबई आठवते. पाहिलेली नव्हे, वडिलांकडून ऐकलेली आणि नंतर वाचलेली. ब्रेबर्नवर ऑस्ट्रेलियाचा सामना. वेंकटराघवनला आधी संघात घेतलेच नव्हते. ओरड झाली, तेव्हा बंगालचा सुब्रत गुहा आपण होऊन बाजूला झाला आणि वेंकटला जागा मिळाली. (ह्या गुहाचे नाव आपल्यापैकी किती जणांना आठवते?) त्याच वेंकटला दुसऱ्या डावात यष्टीमागे झेलबाद दिले. स्टँडमध्ये माणसामाणसागणिक ट्रान्झिस्टर. समालोचक म्हणाला, बॅट लागली नव्हती. झाले! पन्नास-साठ यार्डांवरून ज्यांना काही दिसले नव्हते, त्यांना रेडिओने सांगितले की तुमच्या डोळ्यांदेखत अन्याय झाला. बाटल्या आल्या, खुर्च्या पेटल्या, धूर मैदानावर पसरला. सामना आपण हरलोच.

लोकांच्या रागाविषयी आम्हांस नेहमीच आदर वाटत आला आहे; ती आमची उपजीविका आहे म्हणा ना. परंतु गेटसभेत आम्ही एक नियम पाळतो : कानांनी ऐकलेले आधी डोळ्यांनी पाहून घ्या, मग माइक घ्या.

प्रेक्षकाची दुसरी खोड म्हणजे निकालावरून निवड तपासणे. २०२३ च्या जूनमध्ये ओव्हलवर जागतिक अजिंक्यपदाचा कसोटी सामना झाला. आर. अश्विन तेव्हा जगातला पहिल्या क्रमांकाचा कसोटी गोलंदाज. त्याला बाहेर बसवले आणि चार जलद गोलंदाज घेतले. ट्रॅव्हिस हेडने १६३ काढल्या, स्मिथने १२१, आणि आपण २०९ धावांनी हरलो. आमच्या युनियनच्या कचेरीत पाच दिवस दुसरा विषय नव्हता. आमचेही मत अश्विनला घ्यावयास हवे होते असेच होते, आणि आहे. परंतु आमचे मत सामन्याच्या सकाळी होते, आणि ते एका वहीत लिहून ठेवलेले होते. बाकीच्या मंडळींचे मत दुसऱ्या दिवशी दुपारी तयार झाले. सकाळी आकाशात ढग होते, खेळपट्टीवर हिरवळ होती. कर्णधाराने जे पाहिले त्यावर निर्णय घेतला. निर्णय चुकला असेल, पण तो मूर्खपणाचा होता असे फक्त संध्याकाळी म्हणता येते. तसेच मद्रासच्या पराभवाचे. कपिल आला आणि हरलो, म्हणून त्याला काढणे योग्य होते असे सिद्ध होत नाही.

हे आम्ही इतके निक्षून का सांगतो, तर आमच्या गॅलरीत १९८४ साली दुसरा एक वाद रोज रात्री होत असे, रेडिओ बंद झाल्यावर. संप करावयास नको होता काय? जी माणसे १९८२ च्या जानेवारीत सगळ्यांच्या पुढे घोषणा देत होती, तीच आता सांगत होती की आम्हांला पहिल्यापासून ठाऊक होते. वडिलांना ह्या बोलण्याची चीड येई. ते म्हणत, हरलो हे खरे. पण त्या दिवशी पगाराची चिठ्ठी हातात होती, बदलीवाल्यांचे हाल डोळ्यांपुढे होते, त्यावर आपण ठरवले. ती चिठ्ठी आज बदलली नाही.

मोजमापाचाही एक घोळ आहे. एकनाथ सोलकर घ्या. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. धावफलकावर बघाल तर कसोटीत एकच शतक, बळी थोडेच. "ह्याला कशाला घेतला?" हा प्रश्न त्याच्या वाट्याला पुष्कळ वेळा आला. उत्तर शॉर्ट लेगला उभे होते. डोक्यावर हेल्मेट नाही, फलंदाजापासून चार हातांवर. सत्तावीस कसोट्यांत त्रेपन्न झेल. चंद्रशेखर, बेदी, प्रसन्ना, वेंकट ह्या चौघांच्या नावापुढे जे बळी लिहिले आहेत त्यांतला वाटा सोलकरच्या खात्यावर वेगळा मांडलेला नाही. गिरणीत तेलवाल्याचे काम कापडाच्या वारांत मोजत नाहीत. म्हणून यंत्रे विकत घेणारे तज्ज्ञ आले की पहिली कुऱ्हाड तेलवाल्यावर. स्टँडमध्ये मात्र आम्ही असे लोक पाहिले आहेत की ज्यांना सोलकर कळला होता. बहुधा ती हाताने काम करणारी माणसे होती.

आणि ज्यांच्यासाठी पाटी धरण्याचीही वेळ आली नाही ते? कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. १९४८ सालच्या डिसेंबरात पुण्यात काठेवाडविरुद्ध ४४३ धावा काढून नाबाद. ब्रॅडमनच्या ४५२ च्या जागतिक विक्रमाला नऊ धावा कमी, आणि प्रतिपक्षाच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. आपल्या संघाचे नाव विक्रमाखाली लागू नये म्हणून. निंबाळकर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. किंवा आमचा पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला एका डावात सोळा धावांत आठ, दुसऱ्यात अठरा धावांत पाच. कसोट्या शून्य. हरियाणाचा राजिंदर गोयल, रणजीत ६३७ बळी, कसोट्या शून्य. दोघेही डावखुरे फिरकी, आणि ती जागा बिशनसिंग बेदीची. बेदीने २६६ बळी घेतले. त्याला काढून शिवलकरला घ्या असे आम्हीही म्हणणार नाही. जागा एक, लायक माणसे तीन, ह्याला अन्याय म्हणत नाहीत. परंतु १९७४ साली बंगलोरला वेस्ट इंडीजविरुद्ध बेदीला शिस्तभंगासाठी बाहेर ठेवले, गोयलला बोलावलेही, आणि अकरांत मात्र घेतले नाही. रिकाम्या साच्यावरही बदलीला उभे केले नाही, ह्याला काय म्हणावयाचे? दोघांनाही मंडळाने २०१७ साली जीवनगौरव दिला. गोयल २०२० मध्ये गेला, शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये.

आतापर्यंत प्रेक्षकांविषयी बोललो. पण निवडीवरचा सर्वांत परिणामकारक संप प्रेक्षकांनी केला नाही, खेळाडूंनी केला, आणि तो आपल्या महाराष्ट्रात घडला. कसोटी सामना तो नव्हे. भारत पहिली कसोटी १९३२ साली खेळला. ही गोष्ट १९२० ची, मुंबईच्या चौरंगी सामन्यांतली, जेव्हा हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे संघ धर्मावर पडत. हिंदूंचे पी. बाळू. ह्यांना मात्र 'तो' म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही, कारण त्यांच्या उमेदीच्या काळात पुष्कळांनी त्यांना तसेच संबोधले. चर्मकार समाजातले पळवणकर. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टी राखणे, जाळी लावणे, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे काम. साहेब त्यांच्या चेंडूवर बॅट शिकत गेले. बाळूंच्या हाती बॅट देण्याची गरज कोणाला वाटली नाही. हिंदू संघात घेतले तेव्हा मैदानावर सगळे एक, आणि चहाच्या वेळी बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी अठराच्या आसपास. तो दौरा संघ म्हणून आपल्याला वाईट गेला. बाळूंना गेला नाही. संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे देण्याची गोष्ट निघे, आणि दर वर्षी दुसरेच नाव पुढे येई.

१९२० साली त्यांना संघातूनच वगळले. विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे धाकटे भाऊ त्याच संघातले चांगले फलंदाज. दोघांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. बंधूंनो, आम्ही आयुष्यात पुष्कळ संप पाहिले, काही चालवले. दोन माणसांचा संप सर्वांत कठीण. मागे गर्दी नसते, निधी नसतो. मालक हसून म्हणू शकतो, जा. आणि ते जात म्हणून लहान लेखलेल्या घरातले. घेतलेली जागा सोडली की ती परत मिळण्याची शाश्वती काय? पण चर्चा वर्तमानपत्रांत गेली, लोकांत गेली, आणि समितीला मागे यावे लागले. पारशांविरुद्धच्या सामन्यासाठी भाऊ परत आले, बाळूंना घेऊन उपकर्णधार केले, आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही काळ का होईना, नेतृत्व बाळूंनी केले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदूंचा रीतसर कर्णधार झाला आणि त्याच्या हाताखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवले.

दोन भावांनी एकासाठी जागा सोडली. १९८४ साली पाटीलसाठी कोणी सोडावी अशी आमची अपेक्षा नव्हती. तो काळ वेगळा, कारणही तेवढे मोठे नव्हे. पण आजही हिंदुस्थानात खेळत्या क्रिकेटपटूंची संघटना नाही. २०१९ साली जी मान्यताप्राप्त संघटना निघाली ती निवृत्तांची. ज्याला काढावयाचे आहे त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी नाही, आणि ज्याला काढून झाले आहे त्याच्यासाठी मात्र संघटना आहे! असो. तो आमच्या धंद्याचा विषय झाला.

शेवटी एकच प्रसंग सांगून आपली रजा घेतो. २०१२ साली निवड समितीचा अध्यक्ष कोण झाला? संदीप पाटील. आम्ही त्या दिवशी वडिलांच्या तसबिरीकडे पाहिले. २०१३ च्या मार्चमध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका चालू असताना, पाटीलच्या समितीने वीरेंद्र सेहवागला वगळले, आणि तो पुन्हा कसोटी खेळला नाही. आमच्या कचेरीत त्या संध्याकाळी कंत्राटी कामगारांची पोरे जमली होती. ती पाटीलच्या नावाने बोटे मोडू लागली, तेव्हा आम्ही त्यांना १९८४ ची गोष्ट सांगितली. दिल्ली, कलकत्ता, मद्रास, सगळी. ती पोरे तेव्हा जन्मलीही नव्हती. एकाने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारले, "काका, वगळतात तेव्हा आधी बोलावून सांगतात का?"

आम्ही म्हणालो, तुमच्याकडे सांगतात का?

"नाही. सकाळी गेटावर कार्ड लावायचं. लाल दिवा लागला की समजायचं."